घाटावरची उकळी आणि चाचांची तीन मिनिटं

चाचांची आणि माझी ओळख माझ्या ओल्या चादरीमुळे झाली. शिळफाट्याला त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला, त्याच दिवशी गच्चीपासून मागच्या फणसापर्यंत ताणलेली एक सुरेख तार मला दिसली. भाडेकरूच्या कपड्यांची इतकी काळजी घेणारा घरमालक मी जन्मात पाहिला नव्हता. मी तीन ओढण्या आणि एक चादर वाळत घातली. पाच मिनिटांत खालून हाक आली, "अवो बाई, माझ्या कानावर चादर कोनी टाकली?"

ती तार म्हणजे चाचांच्या रेडिओची एरियल होती. चाचा मूळचे किनाऱ्यावरचे. उभी हयात मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर इथे येऊन तळमजल्यावर स्टेशनरीचं दुकान टाकलं. दुकानामागच्या खोलीत त्यांचा रेडिओ, आणि भिंतीवर चौकटीत घातलेला सरकारी परवाना. दर रविवारी दुपारी चार वाजता ते केरळातल्या एका जुन्या जहाजी मित्राशी बोलत. बोलत म्हणजे टिकटिकत. टिंब आणि रेघांची ती मोर्स लिपी, आणि ती वाजवायचं छोटं पितळी बटण.

"फोन करा की सरळ," मी एकदा म्हटलं.

"त्याला ऐकू येत नाय आता. स्पीकरवर बोटं ठेवतो आनि वाचतो."

"मग मेसेज पाठवा."

"मेसेज काय, माझा नातू पन पाठवील त्याला. टिकटिकीत हात वळखू येतो, बाई. तो दमलाय का, रुसलाय का, सगला हातात समजतो."

मी हातातला फोन पर्समध्ये टाकला.

त्या खोलीत एक घड्याळ होतं. त्याच्या तबकडीवर सव्वाच्या आणि पाऊणच्या ठिकाणी तीन-तीन मिनिटांच्या लाल फाका रंगवलेल्या. जुन्या काळी जहाजांवर या तीन मिनिटांत सगळ्यांनी संदेश पाठवणं थांबवायचं आणि नुसतं ऐकायचं, म्हणजे कुणी बुडत असेल तर त्याची क्षीण हाक गोंगाटात हरवत नाही. जहाजांवरून हा नियम कधीच गेला, पण चाचांच्या घरात तो चालू होता. बोलता बोलता सव्वा वाजला की चाचा अर्ध्या वाक्यात गप्प होत, आणि समोरच्यालाही बोटाने गप्प करत. चाची म्हणायच्या, "निकाह झाल्यापासून मला दर तासाला सा मिनटं सुट्टी हाय." फाकांचा रंग उडाला तेव्हा चाचांनी माझं नेलपॉलिश मागून नेलं आणि अर्धी बाटली संपवून परत दिलं.

भांडण सुरू झालं ते घाटावरच्या ढगांवरून. चाचांची एक वही होती. डाव्या पानावर घाटावर ढग कसे आहेत ते, उजव्या पानावर मित्राचा आवाज कसा आला ते. त्यांचं म्हणणं असं, की ऑक्टोबरात दुपारी ठाकुरवाडीच्या डोंगरावर ढगांना उकळी फुटली, की तासा-दीड तासाने आवाज झोके घ्यायला लागतो. वर येतो, बुडतो, पुन्हा वर येतो.

मी विज्ञानाची शिक्षिका. लोधिवलीच्या पुढे एका शाळेत नववीला 'वातावरणाचे थर' शिकवते. मी त्यांना कागदावर आकृती काढून दाखवली. खाली तपांबर, मग स्थितांबर, मग मध्यांबर आणि त्याच्याही वर आयनांबर. ढग सगळे तळाच्या थरात, फार तर पंधरा-सोळा किलोमीटरपर्यंत. तुमच्या लहरी आरशासारख्या परत पाठवतं ते आयनांबर शेकडो किलोमीटर उंच. त्याला ढवळलं तर सूर्य ढवळणार.

"हे जेवणाच्या डब्याचे कप्पे आहेत चाचा. खालचं वरण वरच्या पोळीला लागत नाही. तुम्हाला ऐकू येते ती विजेची खरखर."

"खरखर मला शिकवू नका. खरखर येगली, झोका येगला." ते चिडले. "वादल आफ्रिकेकडं असतं, आनि लाट आमच्या किनाऱ्याला चांगल्या उन्हात येते. का नाय येत?"

"पण तो समुद्र आहे!"

"वर पन हवेचा समुद्रच हाय." पुढे मी बोलणार, तर सव्वापाच झाले. माझी तीन मिनिटं फुकट गेली.

मग एका ऑक्टोबरात मित्राचा निरोप आला. मुलगा त्याला दूरच्या शहरात आपल्या फ्लॅटवर नेणार होता. तिथे गच्चीवर तार बांधू देत नव्हते आणि रेडिओही कुणाला तरी देऊन टाकायचा होता. म्हणजे पुढचा रविवार शेवटचा. चाचांनी ठरवलं, या वेळी चारला नको, बाराला बोलू, घाट तापायच्या आत.

आता माझा गुन्हा सांगते. मला तो शेवटचा संवाद ऐकायचा होता आणि त्याच रविवारी बारा वाजता लोधिवलीत सहकारी बाईंच्या मुलीचा साखरपुडा होता. मसालेभात आणि जिलबी. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचे म्हणून मी विज्ञानाला कामाला लावलं. ढगांचा काही संबंध नाही, चारलाच बोला, असं इतकं ठासून सांगितलं की चाचा म्हणाले, "तुमी शिकल्या-सवरल्या. चार तर चार." मित्रालाही तसं कळवलं.

जिलबी उत्तम होती. परतताना टमटममधून घाटाकडे पाहिलं. अडीच वाजले होते आणि डोंगरावर पांढरा ढग भाकरीसारखा टम्म फुगलेला.

चारला शिळफाट्यावर लख्ख ऊन होतं. चाचांनी हाक दिली. उत्तर आलं, चार-पाच अक्षरं, आणि बुडालं. पाच मिनिटं नुसती खरखर. चाचांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे मला जास्त लागलं. चाची दारात उभ्या राहून गडगडाट मोजत होत्या. ढग खाली उतरले तर वीज तारेवर येऊ नये म्हणून तार काढावीच लागणार होती.

सव्वाचार वाजले आणि त्याच क्षणी खरखरीतून सूर असा खणखणीत वर आला, की मित्र जणू दुकानात पेन घ्यायला आलाय. दोन अक्षरं वाजली आणि थांबली. मी ओरडले, "चाचा, आता! पाठवा!"

चाचांनी बटणावरून हात उचलला आणि लाल फाकेकडे बोट दाखवलं.

मला रडू फुटलं, रागही आला. बुडतोय तो तुमचाच मित्र, आणि तुम्ही नियम कसले पाळताय? पण मग ध्यानात आलं, तिकडचाही थांबला होता. समुद्रकाठच्या त्या घरात तोही घड्याळ बघून स्पीकरवर बोटं ठेवून बसला होता. दोघं मिळून गप्प होते. तीन मिनिटं संपली तेव्हा झोका खाली गेला होता.

"विसेक मिनटांची लाट हाय," चाचा वहीत बघत म्हणाले. "परत येल."

चार पस्तीसला ती आली. चाचांनी आधी काय पाठवलं ते मला नंतर कळलं: 'उशीर माझ्या भाडेकरू बाईंमुळे. माणूस चांगली आहे, बोलते फार.' मग दोघं सात-आठ मिनिटं टिकटिकले. चाचांचे ओठ हलत होते. शेवटी तिकडून निरोपाची दोन टिंबं आली, इकडून दोन गेली, आणि चाचींनी तार उपसली. तोवर अंगणात टपोरे थेंब पडायला लागले होते.

पुढच्या सुट्टीत मी शोधून वाचलं. चाचांचंच खरं होतं. ढगांच्या उकळीने खालची हवा हेलकावते, तो हेलकावा वर चढतो आणि हवा विरळ होत जाते तसा मोठा होत जातो, पार आयनांबरापर्यंत. नाहीतरी ज्याने कधी डबा नेलाय त्याला ठाऊक असतं, वरण पोळीला लागतंच. मी माफी मागितली. चाचांनी माझी ती कागदावरची आकृती मागून घेतली आणि सगळ्या थरांमधून एक नागमोडी रेघ ओढली.

आता रविवारी चारला रेडिओ बंद असतो. तरी मी खाली जाते. चाची चहा देतात, मी बडबडते, आणि सव्वाचार वाजले की चाचा बोट वर करतात.

पहिल्या रविवारी मी विचारलं होतं, "आता कुणाचं ऐकायचं, चाचा?"

"तो पन तिकडं गप्प बसला असंल," ते म्हणाले. "बस गं. ऐक."