शेजारच्या खाटेवरचं लेकरू

बालाघाटला बाळंतिणींच्या वॉर्डात नर्सताई रोज बजावायची, लेकराला वरचं दूध देऊ नका. शेजारच्या खाटेवरच्या पोरीची सासू सगळ्यांच्या आधी 'हौ' म्हणायची. त्या पोरीच्या अंगावर दूध येत नव्हतं आणि लेकरू रडून रडून थकलं होतं. माझा गाऊन मात्र दुधानं ओला. नर्सताईच्या सांगण्यावरून मी त्याला अंगावर घेतलं. ते घटाघटा पिऊ लागलं, तेव्हा सासूनं विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं. आम्ही बौद्ध, हे तिला तेवढ्यानं कळलं.

"राहू द्या, त्याले परक्याचं दूध पचत नाही," म्हणत तिनं लेकरू ओढून घेतलं.

संध्याकाळी तीच त्याला चमच्यानं बकरीचं दूध पाजत होती. बकरीला तिनं आडनाव विचारलं नसावं.