दार उघडेपर्यंतच्या गोष्टी

गोष्ट लिहायची असेल तर आधी घराबाहेर पडा, जग बघा, असा सल्ला देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हे लोक स्वतः भरपूर हिंडलेले असतात आणि त्यांच्या गोष्टींत निम्मी पानं हॉटेलच्या खोल्यांची वर्णनं असतात. माझ्या कथावर्गातल्या एका माणसाची अख्खी नोकरी एका पेटीत गेली. पेटी म्हणजे सरकारी हॉस्पिटलातली स्ट्रेचरची लिफ्ट. ती चालवणारे ते मामा. मामा हे नाव त्यांना हॉस्पिटलनं दिलं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना तसंच हाक मारत, आणि आमच्या वर्गातही तेच रूढ झालं.

वर्ग मी घेते. माझी चार-पाच पुस्तकं आहेत. खपत नाहीत, पण आहेत, आणि तेवढ्या भांडवलावर वाचनालयानं मला शनिवारी संध्याकाळी वरची खोली दिलीय. या वर्गाला नाना तऱ्हेचे लोक येतात. एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, त्यांना आम्ही साहेब म्हणतो. त्यांच्या प्रत्येक गोष्टीत आधी सूर्य उगवतो, मग पक्षी, मग चहा, आणि दुसरं पान उलटल्यावर कुठे माणूस दिसतो. मी त्यांना सांगून थकले की पहिलं पान फाडून टाका. ते मान डोलावतात आणि पुढच्या शनिवारी नवा सूर्य घेऊन येतात. एक कॉलेजातली मुलगी आहे, ती शेवटी सगळ्यांना मारून टाकते. तिला आम्ही यमदूत म्हणतो, आणि तिला ते आवडतं.

मामा उंच, खांद्यात वाकलेले, अंगात ड्युटीचाच आकाशी शर्ट. वाचनालयाला लिफ्ट आहे, पण ते धापा टाकत जिन्यानं वर यायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "सुटल्यावर पण लिफ्टमध्येच बसू काय, बाई?"

लिहायचे मात्र झकास. म्हणजे अर्धं झकास. त्यांच्या गोष्टीतली माणसं बोलायला लागली की मी हातातलं पेन खाली ठेवायची. एका गोष्टीत दोन भाऊ, आईला कुणी सांगायचं यावरून कुजबुजत भांडतात. एकीत एक बाई लिफ्टच्या स्टीलच्या भिंतीत बघून हसायची तालीम करते, कारण वर जाऊन नवऱ्याला रिपोर्ट चांगला आलाय असं सांगायचं असतं. तीनदा हसून बघते, तिन्ही वेळा जमत नाही. इथवर ऐकून आम्ही खुर्चीत पुढे सरकलेलो, आणि मामा पुढचं वाक्य वाचायचे: तिसरा मजला आला, दार उघडलं, बाई निघून गेली. गोष्ट संपली.

"पुढे?" मी विचारायची.

"पुढचं मला माहीत नाही, बाई. उतरली ती."

"अहो, मग जा की तिच्या मागे!"

"लिफ्ट सोडून?"

वर्ग खो खो हसला. मामा हसले नाहीत. मला तेव्हा कळलं की ते चेष्टा करत नाहीयेत. या माणसाला कल्पनेतसुद्धा लिफ्टच्या बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. दुसरा कुणी लिहिणारा असली चूक करणार नाही. लोक कल्पनेत राजवाडे बांधतात, खून पाडतात, शेजारणीशी लग्न लावतात. मामांना तिसऱ्या मजल्याचा व्हरांडा ओलांडता येईना.

मी माझं सगळं शिकवणं त्यांच्यावर ओतलं. माणसाला काय हवंय ते आधी ठरवा, म्हटलं, आणि ते त्याला सुखासुखी मिळू देऊ नका. त्याला कशातला तरी एक पर्याय निवडायला लावा, आणि दोन्हीकडे काहीतरी गमावू द्या. वाईट लिहा, रडतखडत लिहा, पण शेवटापर्यंत जा. अर्धी सुंदर गोष्ट कुणाच्या कामाची नसते. मामा सगळं मन लावून ऐकायचे आणि पुढच्या शनिवारी परत दार उघडायचे.

मग माझा गुडघा धरला म्हणून मला हॉस्पिटलात जावं लागलं. चालवेना, म्हणून मामांनीच हाताला धरून आपल्या लिफ्टमध्ये घेतलं. "वर जाऊन रांगेतच बसायचंय ना," म्हणाले, "इथंच बसा थोडा वेळ." आणि स्वतःचं स्टूल मला दिलं. त्याच्यावर फोमचा तुकडा सुतळीनं बांधलेला होता.

लांबट, खिडकी नसलेली, पोचे पडलेल्या स्टीलची ती खोली. कोपऱ्यात हाताएवढा पंखा, तो वारा कमी आणि आवाज जास्त देणारा. बटणांवरचे आकडे पुसून गेलेले. बटणांखाली एक किल्ली खोचलेली. ती फिरवलेली असेल तरच लिफ्ट हलणार. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. लोकांकडे पाठ असली की लोक आपल्याला विसरतात आणि मोकळं बोलतात, हे त्यांचं तंत्र. वर, खाली, वर, खाली. औषधांचा वास, घामाचा वास, कुणाच्या तरी डब्याचा वास. दार उघडलं की समोर व्हरांड्याची एक पट्टी दिसायची आणि लगेच मिटायची. थोड्या वेळात माझा जीव गुदमरायला लागला. खोटं कशाला सांगू, मला ओरडावंसं वाटलं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पाचव्या मजल्यावर मामा दार जरा जास्त वेळ उघडं ठेवतात. कुणी चढणार नसलं तरी. मान तिरकी करून काहीतरी ऐकतात.

"कुणाची वाट बघताय?"

"दादा आहे इथं," ते म्हणाले. "कोपऱ्यावरून वळलं की दुसरी खाट. दिसत नाही इथून. खोकला ऐकू येतो."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हा दादानं शाळा सोडून यांना वाढवलं. दादा याच हॉस्पिटलात बॉयलरवर होता, त्यानंच साहेबलोकांच्या हातापाया पडून धाकट्याला लिफ्टवर चिकटवलं. आता तो पाचव्या मजल्यावर होता आणि खाली चालत येणार नव्हता, हे मामांना डॉक्टरांनी लिफ्टमध्येच सांगितलं होतं. मामांची रजा दादाच्या ऑपरेशनातच संपली. भेटायची वेळ दुपारची, आणि लिफ्टला सगळ्यात जास्त गर्दी तेव्हाच. संध्याकाळी ड्युटी संपेपर्यंत दादाला झोपेचं इंजेक्शन दिलेलं असायचं. उरली जेवणाची सुट्टी. तेवढ्यापुरता बदलीवाला येऊन किल्ली ताब्यात घ्यायचा, मामा धावत जाऊन भावाजवळ उभे राहायचे, आणि डबा बहुतेक तसाच परत यायचा.

"मग एखाद्या दिवशी पाच मिनिटं सोडा की लिफ्ट," मी म्हटलं. "बाकीच्या लिफ्ट आहेत ना."

"त्यात स्ट्रेचर मावत नाही, बाई." मग भिंतीकडे बघतच त्यांनी सांगितलं, की फार पूर्वी एक बदलीवाला किल्ली खिशात टाकून चहाला गेला होता. खाली स्ट्रेचरवर एक पोटुशी बाई होती. मामा एवढंच बोलून थांबले. त्या एका गोष्टीचा शेवट त्यांना माहीत होता, आणि मी तो विचारला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मामांनी नवी गोष्ट वाचली. एक लिफ्टवाला, त्याचा भाऊ पाचव्या मजल्यावर, आणि दिवसभर त्या मजल्यावरून जाणारा-येणारा हा. खोकला येतो तोवर भाऊ आहे. एकदा खोकला येत नाही, आणि पुढच्या फेरीपर्यंत याची काय दशा होते, ते असं लिहिलं होतं की यमदूतानं ओठ दाबून धरले. शेवटचं वाक्य होतं: दार उघडलं, खोकला ऐकू आला, दार बंद झालं.

टाळ्या पडल्या. साहेब तर उठून उभे राहिले. आणि माझं डोकं फिरलं.

"हा बाहेर का पडत नाही?" मी विचारलं.

"बाई, किल्ली..." मामा म्हणाले.

"ते तुमचं. मी गोष्टीतल्या माणसाचं विचारतेय."

"तो बाहेर पडला तर खाली स्ट्रेचर येईल."

"येऊ दे."

"कुणीतरी मरेल, बाई."

"मरेल कदाचित. कदाचित नाही मरणार. तो बाहेर पडला तर ती गोष्ट आहे, आणि सगळं कळून नाही पडला, तरी गोष्ट आहे. पण तुम्ही त्याला निवडूच देत नाही. त्याच्या वतीनं तुम्हीच दार लावून घेता. कागदावर तरी त्याला मोकळं सोडा!"

मामांनी कागदांची घडी केली, ती शर्टाच्या खिशात बसेना तशी पुन्हा एक घडी घातली, आणि जिन्यानं उतरून गेले. साहेबांनी मला सुनावलं, की बाई, माणसाचा भाऊ आजारी आहे. मला ते माहीत होतं. म्हणूनच मी ओरडले होते. शिकवताना गोड बोलायचं असेल तर मी बालवाडी चालवली असती.

पुढच्या शनिवारी मामा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. जिन्यावर पाय वाजला की माझं बोलणं तुटायचं. अखेर गुडघ्याचं निमित्त काढून मी हॉस्पिटलात गेले. लिफ्टवर दुसराच कुणी होता, तोंडात तंबाखू, स्टुलावर फतकल मारून बसलेला. "मामा? त्यांचा भाऊ गेला ना," तो म्हणाला आणि मजला विचारला. मी काहीतरी आकडा सांगितला आणि पाचव्यावर दार उघडलं तेव्हा मुद्दाम कान देऊन ऐकलं. कुणीतरी बादली ओढत होतं, बाकी काही नाही. मला फार वाईट वाटलं. मी त्या दादाला कधी पाहिलंही नव्हतं.

मामा परत आले ते वर्ग सुरू झाल्यावर, दारात घुटमळत. डोक्यावरचे केस काढलेले. सगळे उठले, साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला, यमदूतानं त्यांना पाणी आणून दिलं. मी खुर्ची ओढून दिली.

"शेवट केलाय, बाई," ते म्हणाले. "दोनदा केला."

पहिला शेवट त्यांनी आमच्याकडून उठून गेल्यावर त्याच आठवड्यात लिहिला होता. त्यात लिफ्टवाला पाचव्या मजल्यावर खरोखर बाहेर पडतो, कोपरा वळून भावाच्या खाटेशी जातो, आणि भाऊ त्याच्यावर खेकसतो, 'लिफ्ट कुणाच्या भरवशावर सोडलीस? चालता हो!' मग तो परत पळतो. जेवणाच्या सुट्टीत मामांनी ते दादाला वाचून दाखवलं. दादा शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकत होता.

"म्हटलं, कशी झालीय?" मामा सांगत होते. "तर म्हणाला, बाकी ठीक आहे, पण मी असं बोललो नसतो. म्हटलं, मग काय बोलला असतास? तर म्हणाला, 'बस जरा' म्हणालो असतो."

एवढं सांगून त्यांनी दुसरा शेवट वाचला. आवाज नेहमीसारखाच, जरा घोगरा. लिफ्टवाला किल्ली काढतो. ती खिशात टाकताना त्याला ती भलतीच जड लागते. व्हरांड्यात जमीन हलत नाही याचं त्याला नवल वाटतं. कोपऱ्यावरून वळल्यावर दुसरी खाट. भाऊ म्हणतो, 'बस जरा.' हा म्हणतो, 'खाली कुणीतरी असेल.' भाऊ म्हणतो, 'असेल,' आणि आपले पाय सरकवून खाटेवर थोडी जागा करून देतो. हा बसतो. दोघं कसल्यातरी जुन्या सायकलीबद्दल बोलतात. खालून लिफ्ट बोलावणारी घंटा वाजते, थांबते, पुन्हा वाजते. खाली कोण आहे ते गोष्टीत कुठेच सांगितलेलं नाही. हा ती घंटा ऐकतो, आणि बसून राहतो.

मला त्यातल्या एका शब्दालाही हात लावावासा वाटला नाही, आणि माझ्या बाबतीत असं फार क्वचित होतं. यमदूत उघड उघड रडत होती. साहेबांनी चष्मा पुसला आणि पुढे वाकून मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"फार चांगलं केलंत तुम्ही," ते म्हणाले. "शेवटी बसलात त्यांच्यापाशी. मनाला रुखरुख राहिली नाही."

मामांनी त्यांच्याकडे जरा गोंधळून बघितलं.

"मी कुठं बसलो?" ते म्हणाले. "'बस जरा' म्हणाला तेव्हा सुट्टी संपली होती, बदलीवाला दारात येऊन उभा होता. मी किल्ली घेतली आणि गेलो. संध्याकाळी येतो म्हटलं." त्यांनी कागद आमच्याकडे वळवला आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. "हा बसलाय."