तांब्याच्या खिळ्याचा वस्तरा

वस्तरा हातात आला की कंट्रोलर तो आधी उघडायचे, पात्यावर नखाने टिचकी मारायचे आणि कानाशी धरायचे. "हा बोलका हाय," म्हणायचे, नाहीतर "मुका हाय." मग तोच वस्तरा माझ्या कानाशी. "ऐका, आक्का." मला कमी ऐकू येते. लोखंड लोखंडासारखेच वाजते, असे मी तोंडावर सांगायची. ते हसायचे. "तुमचा कानच मुका हाय."

औशाच्या बसस्थानकावर ते कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी आम्ही त्यांना कंट्रोलरच म्हणायचो. स्थानकासमोर माझे भंगाराचे दुकान. मी चौथी शिकलेली. काट्यावरचे आकडे वाचता येतात, तेवढ्यावर दुकान चालवले. अशा दुकानात नाद लागलेली माणसे फार येतात. तुम्हीही पाहिली असतील. कोणी जुनी नाणी शोधतो, कोणी कंदील. कंट्रोलर वस्तरे शोधायचे.

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तेल लावून, जुन्या धोतराच्या चिंध्यांत ते वस्तरे निजवलेले असत. रोज सकाळी अंगणात एकेकाची पाळी. चामड्याच्या पट्ट्यावर पाते फिरवायचे, गालाला साबण फासायचे आणि चक्क डोळे मिटून दाढी करायचे. एकदा मी रस्त्यावरून ओरडले, "डोळे उघडा, नरडं कापून घ्याल!" म्हणाले, "पात्याला वाट ठाऊक हाय." सून दारातून म्हणाली, "बाबा, दुकानात ब्लेडं मिळतात हो." त्यावर म्हणाले, "ब्लेडला बाप नसतो."

सवलतीच्या पासावर ते नांदेड, भोकर, देगलूर असे फिरायचे आणि माझ्यासारख्यांची दुकाने उपसायचे. वाटेत नायगाव लागते. तिथे मात्र कधी उतरले नाहीत. का म्हणून विचारले, तर म्हणाले, "तिथं माझा मामा हाय." मामाच्या गावाला माणूस आधी उतरतो. पण मी पुढे विचारले नाही. गिऱ्हाइकाच्या घरात मी शिरत नाही.

आमच्या धंद्यात लोखंड वेगळे, बाकी सगळे वेगळे. शिंगाची मूठ असो की लाकडाची, हातोडीने फोडायची आणि पाते ढिगात टाकायचे. कंट्रोलरांनी बजावून ठेवले होते, "आक्का, वस्तरा फोडू नका. आधी मला दाखवा." मी दाखवायची. पण गेल्या उन्हाळ्यात भोकरहून एका बंद पडलेल्या सलूनचा माल आला. भराभर फोडताना तीन वस्तरेही हातोडीखाली गेले. हात सवयीने चालतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. उंबऱ्याशी शिंगाचे तुकडे पडले होते. ते उकिडवे बसले, तुकडे उलटसुलट केले आणि हळूच म्हणाले, "ह्यातल्या एकाचा खिळा तांब्याचा होता का?"

तांबे मी कधी विसरत नाही. "होता. तांब्याच्या डब्यात टाकला. का?"

ते पोत्यावर बसले. रस्ता उन्हात सुनसान होता. फार लांबून गाडी पुकारावी तसे बोलू लागले.

"भोकरला होतो आम्ही. मी आठ वर्षांचा. एका लाल गारेगारापायी बाबांचा वस्तरा मी गारेगारवाल्याला देऊन टाकला. त्याचा खिळा तुटला होता, तर बाबांनी फुटक्या बंबाचं तांबं ठोकलेलं. बाबांनी आळ घेतला मामावर. मामा जेवत होता, ताटावरून उठून गेला. पुन्हा आमच्या घरी आला न्हाई. माझी जीभ लाल होती, आक्का. कोणी बघितलीच न्हाई."

"मग सांगायचं नाही?"

"वस्तरा सापडला की सांगीन, असं म्हणत जिंदगी गेली. रिकाम्या हातानं कसं जाऊ? आता मामा नव्वदीचा हाय."

गोड बोलून समजूत घालणे मला जमत नाही. "तुमचाच असेल, आणि मीच फोडला," मी म्हणाले. "पण पाती आहेत."

ढिगातून तिन्ही पाती काढून दिली. त्यांनी पहिल्याला टिचकी मारली, दुसऱ्याला मारली. तिसरे कानाशी धरून ते इतका वेळ बसले, की मला वाटले झोप लागली. शेवटी म्हणाले, "हा." मला तिन्ही सारखीच. डबा पालथा करून मी खिळा शोधला आणि म्हणाले, "मूठ बसवून घ्या, मग जा."

"न्हाई, आक्का. आता गाडी सोडत न्हाई." पाते रुमालात गुंडाळले, खिळा खिशात टाकला आणि समोर लागलेली नांदेडची गाडी धरली.

तिसऱ्या दिवशी परत आले. चेहऱ्यावर खुंट वाढलेले. मी पहिल्यांदाच त्यांना तसे पाहिले.

"सांगितलं?"

"सांगितलं. मामाला काय बी याद न्हाई. आळ न्हाई, ताट न्हाई. मी रडून राहिलो, अन् तो म्हणतो, वस्तरा आणलाच हाय तर माझी दाढी कर की." रुमालात पाते धरून त्यांनी मामाची दाढी केली होती. "अर्ध्यात झोपला. पात्याखाली घोरत होता, आक्का."

पुढे दर पंधरा दिवसांनी नायगाव. घरचा वस्तऱ्यांचा डबा बंदच राहिला. मी नवा वस्तरा दाखवला तर टिचकी मारायचे, "बोलका हाय," म्हणायचे आणि मलाच परत द्यायचे.

संक्रांतीच्या आधी ते झोपेतच गेले. दिवसकार्य उरकल्यावर त्यांचा मुलगा तो डबा घेऊन दुकानात आला. मी एकेक चिंधी उलगडून पाहिली.

"बिनमुठीचा कुठे आहे?"

"तो नायगावला, मामाआजोबांच्या कोनाड्यात. त्यांची दाढी गालभर वाढली, मावशी. न्हाव्याला हात लावू देत नाहीत."

"त्यांना कळवलं नाही का, तुझे वडील गेले ते?"

"दोनदा सांगून आलो. ऐकून घेतात, मान हलवतात आणि पुन्हा दाराशी जाऊन बसतात. म्हणतात, भाच्याची गाडी लेट हाय."