गॅलनला पंचवीस मैल

इकडे ये, असा जवळ बस. दारातूनच "आत्या, बरी आहेस ना?" म्हणून पळायचं होतं तर आलास कशाला? आणि आल्या आल्या कुरकुर काय, तर तुझी जुनी मोटार कंपनीने सांगितलं तेवढं जात नाही, पेट्रोल फार खाते! अरे, हे रडगाणं मी परकरात होते तेव्हापासून ऐकते आहे. फरक एवढाच, की तू गाडीला दोष देतोस. तुझे आजोबा, म्हणजे माझे थोरले चुलते, गाडी सोडून बाकी सगळ्या जगाला द्यायचे.

सारी निपाणी त्यांना मोटारआप्पा म्हणायची. पोट तंबाखूच्या वखारीवर, जीव मात्र मोटारीवर. बेळगावच्या कॅम्पातला एक साहेब विलायतेला निघाला, त्याची ती जुनी गाडी आप्पांनी घेतली. सोबत जाहिरातीचं चोपडं मिळालं. त्यात छापलं होतं, गॅलनला पंचवीस मैल. आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. वकिलाकडून ही एक ओळ वाचून घेतली आणि तीच धरून बसले. "छापलेलं खोटं असतंय व्हय?"

गाडी जायची त्याच्या निम्मं. मग कारणं निघायची. वारा समोरून होता, रस्ता खराब होता, नाहीतर काकी जड होती. गाडी अडली की पहिली काकी खाली. ती फणकारायची, "त्ये चोपडंच पिळा की टाकीत, जाईल बेळगावापातुर!"

तवंदीचा घाट तर विचारूच नकोस. टाकी बसायच्या गादीखाली. पेट्रोल कमी असलं की चढावर ते इंजिनाकडे पोचायचंच नाही. मग टाकी इंजिनाच्या वर राहावी म्हणून आप्पा गाडी फिरवून घाट उलटा चढायचे. वरून येणाऱ्या गाडीवानांना आधी आमच्या पाठी दिसायच्या! मी काकीच्या पदरात तोंड लपवायची. जास्त भरा म्हटलं, की "हिशेबानं भरलंय गं. गाडीचे लाड करायचे न्हाईत."

माझी सातवीची परीक्षा बेळगावला होती. पास झाले असते तर मास्तरीण होता आलं असतं, आणि मला दुसरं काही नकोच होतं. आई म्हणाली, "भावजी, आदल्या दिवशी भाड्याच्या सर्व्हिस मोटारीनं जाऊ दे तिला."

"दारात गाडी असताना? लोक काय म्हणतील?"

"मग पेट्रोलचा एक डबा तरी जास्त घ्या."

"म्हंजे आपणच आपल्या गाडीला खोटं पाडायचं!"

बेळगावच्या तोंडाशी, काकती गावाच्या अलीकडे गाडीने आचके दिले आणि थांबली. आप्पांनी टाकीत काठी घातली, ती कोरडीच वर आली. तरी म्हणतात कसे, "काठी आखूड हाय."

मिळाली त्या बैलगाडीने बेळगाव गाठलं. पेपर कधीच सुरू झाला होता. दारातूनच परत लावलं. येताना आप्पा "वारा..." एवढंच म्हणाले आणि माझं तोंड बघून त्यांनी मान फिरवली. मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. त्याच उन्हाळ्यात मला कडोलीला दिलं.

पुढच्या वर्षी परीक्षा आली तसे आप्पा आमच्या दारात हजर, पायी. सासऱ्यांना म्हणाले, "माझ्यापायी पोरीची परीक्षा बुडली. यंदा बसू द्या तिला. मी नेतो."

"मोटारीनं?"

"न्हाय पाव्हणं. बैलगाडीनं. आन् आदल्या दिवशीच."

सासरे इतके हसले, की नाही म्हणायचं राहूनच गेलं. स्वतःच गाडी जुंपली त्यांनी.

वाटेत आप्पांना काही राहवेना. "एका पेंढीवर किती मैल जात्यात ही बैलं?"

"चढ असंल तसं," सासरे म्हणाले.

आप्पांनी पुढचा चढ निरखला. मग हळूच मला म्हणाले, "मोटारीचंबी तसंच असंल, न्हवं गं?"

मी पास झाले. शाळेत नेमणूक झाली तेव्हा मात्र आप्पा नव्हते. मला अजून राग येतो बघ त्यांचा. इतक्या उशिरा एकदाचं कबूल केलं, आणि मी वर्गात उभी राहिलेली बघायला थांबले नाहीत.

उठलास? बरं, जा. पण दिवाळीची वाट बघू नकोस. येत्या रविवारी बायकोला घेऊन ये, जेवायलाच ये.