शुक्रवारी जन्मलेली एफुआ

देवयानी माझी सून. कुवेतमधल्या एगैलाच्या दवाखान्यात ती लोकांचे गुडघे वाकवते आणि तिची मदतनीस एफुआ ते गुडघे धरून ठेवते. माझा उजवाही तिनेच धरला. धरताना गुणगुणायची.

"हे कसलं भजन गं?" मी विचारलं.

"भजन नाही, आजी. नाचायचं गाणं. पाय हलव."

आमचं बोलणं हिंदीत. तिचं हिंदी कुवेतच्या स्वयंपाकघरांत शिकलेलं, माझं टीव्हीवरचं. दोघींचं सारखंच मोडकं, म्हणून जमलं.

ती घानाची, टाकोराडी बंदराची. तिच्या मुलखात मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला मिळतं. एफुआ म्हणजे शुक्रवारची. मला काही नवल वाटलं नाही. आमच्या देवगडातही सोम्या, बुध्या होतेच की. बाप होडीवर, आई धुरावर मासे सुकवणारी, आणि ही पोर बँडमध्ये गायला लागली. हायलाइफ म्हणतात त्या गाण्याला. पाण्यावर खापरी टप्पे घेत जावी तशी गिटार वाजते, मागे पितळी भोंगे, आणि ऐकणाऱ्याला काही बसवत नाही. पण बँडमध्ये बाई गाते म्हटल्यावर लोक काय बोलतात ते मी सांगायला नको. आपल्याकडेही तेच बोलतात. बापाने तिचे कपडे अंगणात भिरकावले. तिने त्यातला सगळ्यात भडक झगा उचलला, झटकला आणि त्याच संध्याकाळी तो घालून गायली.

बँडमधली गिटार क्वेसीची. गाणी तो बांधायचा, गायची ही. नाचघराच्या मालकाने जाहिरातीवर एकट्या क्वेसीचं नाव घातलं, तर क्वेसी म्हणाला, "तिचं नाव नसेल तर माझी गिटारही नाही." पुढची कितीतरी वर्षं दोघांनी तो किनारा दणाणून सोडला. नवराबायको नव्हते हं. मी विचारून घेतलं होतं.

"नवरा झाला असता तर गाणी कुणी बांधली असती, आजी?" म्हणाली.

मग यंत्रावर वाजणारी गाणी आली, नाचघरं ओस पडली. एफुआ कुवेतला आधी घरकामाला आली, मागून क्वेसी ड्रायव्हर होऊन आला. इथल्या घानाच्या लोकांचं प्रार्थनामंडळ आहे, दर शुक्रवारी जमतं. एफुआ तिथे गायची, पण फक्त देवाची गाणी. मंडळाचे प्रमुख मेन्सा यांना बँडची गाणी म्हणजे सैतानाची वाटत. क्वेसी तिकडे फिरकलाच नाही. म्हणायचा, "देवाला माझं गाणं चालत नसेल तर त्याने सांगावं, मेन्साने नको."

गेल्या वर्षी क्वेसी गेला, पन्नाशीतच. देह विमानाने गावी पाठवला. इथे जहराला एका मित्राच्या घरी शोकसभा ठरली. क्वेसीने एफुआकडून आधीच वचन घेतलं होतं, माझ्यामागे रडायचं नाही, माझं गाणं गायचं. आणि मेन्सांनी बजावलं, बँडचं गाणं म्हटलंस तर पुन्हा आमच्यात गायची नाहीस.

त्या आठवड्यात ती माझा गुडघा धरून बसलेली. "आपल्या माणसांत, आपल्या भाषेत गायला मिळतं ते त्या मंडळातच," म्हणाली.

"मी येते शोकसभेला," मी म्हटलं. दुसरं काय बोलणार?

मयताला जायचं म्हणून मी पांढरं पातळ नेसले. दार उघडलं तर अख्खी खोली लाल-काळ्या कपड्यांत, आणि मधोमध मी, डांबरात दूध सांडल्यासारखी. सगळे टकमक बघायला लागले. मेन्सा उठून काहीतरी कडक बोलले.

एफुआने कानात सांगितलं, "आमच्यात पांढरं घालतात ते भरपूर जगून, जिंकून गेलेल्यासाठी. ते विचारतायत, हा दारुडा गिटारवाला काय जिंकला? चुकून नेसलीस असं सांगू?"

चुकलंच होतं माझं. पण भिंतीवर क्वेसीचा फोटो होता, खाली ती गिटार, आणि एफुआ मान खाली घालून उभी.

"काही चुकलेलं नाही म्हणावं," मी म्हटलं. "जिंकलाच तो."

तिने माझ्याकडे बघितलं. मग मान वर केली, टाळीवर ताल धरला आणि क्वेसीचं गाणं उचललं:

"होडी नेलीस, समुद्रा, ने.
वल्हं माझ्या हातात आहे."

अर्थ मला नंतर कळला. तेव्हा एवढंच दिसलं, की मागच्या बायका उठल्या, मग पुरुष, आणि ती लाल-काळी खोली हलायला लागली. माझा गुडघासुद्धा. देवयानीने बघितलं असतं तर ओरडली असती.

मेन्सा चपला घालता घालता दारातून म्हणाले, "पुढच्या शुक्रवारपासून येऊ नकोस."

एफुआ गाता गाता थांबली, घाम पुसला. "बरं झालं," म्हणाली. "शुक्रवार तसाही माझाच होता."

आता शुक्रवारी ती जहराला त्याच घरी गाते. मी पांढरंच नेसून जाते.