वीतभर पाण्याची खूण

पुढच्या तीस वर्षांत कळस गावाला पाणी कुठून आणि किती द्यायचं, याचा आराखडा करायचं काम माझ्याकडे होतं. दिवाळी नुकतीच झाली होती. गावच्या विहिरीत टेप सोडून मी खुशीत आकडा लिहीत होतो.

काठावर एक म्हातारी मघापासून माझ्याकडे बघत उभी होती. "साहेब, भरल्या हिरीचं काय मोजताय?" म्हणाली, आणि घरी जाऊन एक दोरी घेऊन आली. दोरीच्या टोकाला दगड होता आणि वर जागोजागी रंगीत चिंध्या बांधलेल्या. दर वैशाखात ती दगड विहिरीच्या तळाला टेकवायची, आणि दोरी जिथवर भिजेल तिथं जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची. साल तिला रंगावरून आठवायचं.

सगळ्यात खालची चिंधी लाल होती. दगडापासून जेमतेम वीतभर वर.

तिच्यावर अंगठा दाबून ती म्हणाली, "ही मेंढरं इकली त्या सालची. हितनं धरा तुमचा हिशोब. हिच्या खाली मला चिंधी बांधायची न्हाय."

विनवणी नव्हती ती. कामाला लावणं होतं. मी मघाचा आकडा खोडला.

आराखडा मी त्या वीतभर पाण्यावरच मांडला. माहितीचा आधार लिहायला एक रकाना असतो, त्यात लिहिलं, 'दोरी, कळस'. वरिष्ठांनी त्याला लाल गोल केला. मी त्यांना म्हटलं, वैशाखात चला माझ्याबरोबर, दाखवतो.

रकान्यात अजून तेच लिहिलेलं आहे.