फितूर अँटिबॉडींची ओपीडी

किडनीच्या ओपीडीत किस्से शोधावे लागत नाहीत. पायावर सूज चढावी तसे ते नकळत चढतात आणि एक दिवस लक्षात येतं, चप्पल बसेना! सोलापुरात मी किडनीची डॉक्टर आहे आणि माझा निम्मा दिवस एकच गोष्ट समजावण्यात जातो. अँटिबॉडी!

*

मोहोळचे एक व्यापारी. लघवीतून रक्त जातंय म्हणून तपासण्या केल्या. "अँटिबॉडी पॉझिटिव्ह आहेत," म्हटलं. त्यांनी लगेच घरी फोन लावला, "पेढे आणा!"

कोरोनानंतर त्यांच्या रक्तात भरपूर अँटिबॉडी निघाल्या, तेव्हा सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं म्हणे. या अँटिबॉडी तुमच्याच किडनीवर उठल्यात, हे मी बराच वेळ समजावलं. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"पेढे राहू द्या. आपलेच लोक फुटलेत."

*

सांगोल्याकडच्या बिरूमामांची मेंढरं आहेत, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत सांगायला गेले. "मामा, अँटिबॉडी म्हणजे राखणीची कुत्री. तुमची कुत्री आपलीच मेंढरं फाडायला लागलीत."

"मग घाला की गोळी!"

"गोळ्याच देतेय. पण त्यानं कुत्री मलूल झाली की लांडगा येतो. ताप आला तर घरी थांबायचं नाही."

पुढच्या महिन्यात मामा भरल्या ओपीडीत दारातूनच ओरडले, "मॅडम, लांडगा आला!"

सगळे हसले. मी ताप पाहिला, एकशे तीन. न्यूमोनिया होता. वेळेवर आले म्हणून वाचले.

*

शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली श्रीलता. ल्युपस, म्हणजे हाच अँटिबॉडींचा उच्छाद. स्टेरॉइडनं चेहरा गोल झालेला. आई म्हणाली, "मॅडम, पोरगी आत्ता कुठं भरल्यासारखी दिसायलीय. गोळी कमी करू नका, पाहुणे बघायला येणारेत."

श्रीलता शांतपणे म्हणाली, "मग पाहुण्यांना आजार पण सांग आणि हे पण सांग, लग्नानंतर माझा चेहरा उतरणार आहे."

"सगळ्यांचाच उतरतो," आमच्या सिस्टर म्हणाल्या.

*

ट्रान्सपोर्टवाल्या एका चाचांच्या बायकोचं प्लाझ्मा एक्स्चेंज चाललं होतं. रक्तातलं अँटिबॉडीवालं पिवळं पाणी काढून नवं भरायचं. चाचा पिशवीकडे टक लावून होते.

"ऑइल बदली कर रहे क्या, मॅडम?"

"तसंच समजा."

"तो फिल्टर भी नया डालो ना!"

"चाचा, किडनी हाच फिल्टर. तो वाचावा म्हणूनच ऑइल बदलतेय."

चाची डोळे न उघडता म्हणाल्या, "गाडी किसकू बोले तुम?"

*

होटगीची मंगल डायलिसिसवर होती. नवरा किडनी द्यायला तयार. क्रॉसमॅच केला, म्हणजे तिचं रक्त त्याच्या पेशींवर तुटून पडतं का ते पाहिलं. पडलं! गरोदरपणात पोटातल्या लेकराकडून नवऱ्याचे अंश आईच्या रक्तात येतात आणि कधीकधी त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. हे सांगितल्यावर मंगल म्हणाली, "ते मला रिपोर्टाआधीच ठावं हाय."

नवरा मात्र रडवेला झाला. मागून त्याची आई म्हणाली, "गप बाळा. मॅडम, माझी बघा."

या सासूसुनेचं भांडण डायलिसिसच्या मशीनपेक्षा मोठ्या आवाजात चालायचं. कुणालाच आशा नव्हती. रिपोर्ट आला, मंगलच्या अँटिबॉडी नवऱ्यात बापाकडून आलेल्या अंशांविरुद्ध, सासूविरुद्ध एकही नाही!

"मॅडम, रिपोर्ट बदलला न्हाय ना?" नवऱ्यानं विचारलं.

कायद्यात सासू जवळच्या नात्यात मोडत नाही, म्हणून अवयवदानाला परवानगी देणाऱ्या कमिटीपुढं जावं लागलं. तिथं साहेबांनी विचारलं, "आजी, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

"माझ्यावर? कुनाची छाती हाय?"

ऑपरेशन झालं. पहिल्याच दिवशी मंगलला लघवी सुरू झाली. मी धावत सासूला सांगायला गेले. ती पडल्या पडल्या म्हणाली, "व्हनारच की. माझ्या अंगातलं काहीच आळशी न्हाय."

काही महिन्यांनी मंगल एकटीच तपासायला आली. रिपोर्ट उत्तम. काही त्रास, असं विचारलं, तर तिनं आधी दार लोटलं.

"मॅडम, कुनाला सांगू नका. परवा ह्यास्नी जेवायला वाढत हुते, आन् तोंडातनं आपसूक निघालं, 'बाळा, अजून एक भाकरी घे की!'"